गोळ्या आणि थेरपी एकत्र सुरू करताना: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

चिठ्ठीवर दोन औषधं लिहून झाली की डॉक्टर म्हणतात, "काउन्सेलिंगही सुरू करा." तिथून बाहेर पडल्यापासून घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, गोळ्या दिल्यात ना, मग नुसतं बोलायला पैसे कशाला घालवायचे? कोणी म्हणतं, बोलून बरं वाटणार असेल तर गोळ्या नकोतच, सवय लागते. या ओढाताणीत महिना जातो आणि दोन्हीपैकी एकही गोष्ट धड होत नाही.

माझ्या घरात मनाच्या आजाराचं दुखणं आहे. त्यामुळे आता दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर पहिल्या फेऱ्यांना मी जाते. तिथे एक गोष्ट सारखी दिसते. दोन्ही उपचार सुरू असतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. गोळ्या देणारे डॉक्टर दहा मिनिटं भेटतात, थेरपिस्ट पाऊण तास भेटतात, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं होत नाही. हा दुवा पेशंटला किंवा घरच्यांनाच जोडावा लागतो. तो कसा जोडायचा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

१. कोण काय करतं ते आधी समजून घ्या

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. मनाच्या आजारावरची औषधं तेच लिहितात, आणि डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं हा निर्णय त्यांचाच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी देतात, चाचण्या घेतात, पण औषध लिहीत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात. चांगली माणसं त्यात खूप आहेत, पण शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीने काम करता, माझ्यासारख्या त्रासाचे पेशंट पाहिलेत का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढची वेळ घेऊ नका.

थेरपिस्टने "गोळ्या सोडून द्या" म्हटलं किंवा केमिस्टने परस्पर गोळी बदलून दिली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

२. पहिली भेट

खासगी दवाखाने शहरात भरपूर आहेत. खर्चाची चिंता असेल तर कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि एसएसजीमध्ये, म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं अजूनही दचकतात. तिथल्या ओपीडीत सकाळी जाऊन बसा. शाळेतल्या बाई, दुकानदार, कॉलेजची मुलं, आपल्यासारखीच माणसं केसपेपर हातात धरून बसलेली दिसतील. कुठे जायचं तेच ठरत नसेल तर टेलिमानस या मानसिक मदतीच्या फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि भाषा निवडता येते.

जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, भूक, वजन, आधीचे आजार, सध्याच्या सगळ्या गोळ्या. बीपी आणि शुगरच्या गोळ्या तर लिहाच, पण वैद्यांचं चूर्ण आणि होमिओपॅथीच्या पुड्याही लिहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नका. थायरॉइड मंद असेल किंवा बी-१२ कमी असेल तर नैराश्यासारखाच थकवा आणि उदासी येते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा. पहिली: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, डोक्यात मोठमोठ्या योजना? तसं असेल तर आजार द्विध्रुवीय असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. दुसरी: बाई गरोदर असेल किंवा मूल होण्याचं वय असेल तर ते स्पष्ट सांगा. मनाचे चढउतार आवरणाऱ्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने पोटातल्या बाळात गंभीर दोष निर्माण होऊ शकतात. डॉक्टर पर्याय देतात, पण त्यांना माहीत असायला हवं.

३. आधी काय, मागून काय

याचं उत्तर आजारावर अवलंबून आहे. सौम्य नैराश्य किंवा सौम्य चिंता असेल तर पुष्कळदा एकट्या थेरपीने भागतं. मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून जास्त चांगला परिणाम दिसतो. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) आणि द्विध्रुवीय आजारात औषध हा पाया आहे आणि थेरपी त्यावर उभी राहते, तिथे औषध वगळून नुसतं बोलत बसणं धोक्याचं. ओसीडीत, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं यात, भीतीला सामोरं जाऊन ती कृती टाळायला शिकवणारी थेरपी फार कामाची. औषधही सोबत लागलं तर डोस नैराश्यापेक्षा जास्त असतो आणि वाट आठ ते बारा आठवडे पाहावी लागते.

दोन्ही का, याची एक ठोस आकडेवारी आहे. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी आणि बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी, विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) दोन्ही घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के मुलं सुधारली होती, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी ६१, नुसती थेरपी घेणाऱ्यांपैकी ४३, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३५. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत मात्र नुसती थेरपी घेणारी मुलं नुसत्या गोळीवाल्यांच्या बरोबरीला आली, दोन्ही गटांत सुमारे ८१ टक्के. मला यातून हे कळतं की गोळी लवकर हात देते, थेरपी सावकाश मुरते, आणि माणूस आत्ता बुडत असेल तर सावकाश मुरण्याची वाट पाहत बसायला वेळ नसतो. तीव्र नैराश्यात माणसाला समोरच्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकवत नाही. तो थेरपीत बसून काय करणार? गोळीने झोप आणि लक्ष थोडं जाग्यावर आलं की मग बोलण्याचा उपयोग होतो.

४. पहिले सहा आठवडे

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्य आणि चिंतेवरच्या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि फायदा मागून. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोप उडणं किंवा उलट सुस्ती, कधी अस्वस्थता वाढणं. हे बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. मनात फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा किंवा अधिक. म्हणजे दहाव्या दिवशी पेशंट म्हणतो, "उलट बिघडलं," आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात, नेमकं तेव्हा, जेव्हा अजून थोडं थांबायला हवं होतं. डॉक्टरांकडून निघण्याआधीच विचारून घ्या: कोणता त्रास सोसायचा, कोणत्या त्रासासाठी फोन करायचा, आणि मळमळ झाली तर गोळी जेवणानंतर घेऊ का.

शरीरसंबंधातली इच्छा किंवा क्षमता कमी होणं हाही या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे. संकोचापोटी कोणी सांगत नाही आणि एक दिवस गुपचूप गोळी बंद होते. सांगा. डोस किंवा औषध बदलून मार्ग निघतो. स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादात देतात त्या ओलान्झापिनसारख्या गोळीने वजन आणि साखर वाढू शकते, तेव्हा सुरुवातीलाच वजन आणि रक्ततपासणीची नोंद करून ठेवा.

सवयीबद्दल. वर सांगितलेल्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्या अचानक बंद केल्या तर त्रास होतो, ही वेगळी गोष्ट, ती पुढे येईल. सवय लागू शकते ती अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या शामक गोळ्यांची. त्या साधारण दोन ते चार आठवड्यांच्या पुलासाठी असतात. जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने केमिस्टकडून त्या आणत राहू नका. खूप दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवूही नका, फिट येऊ शकते. हळूहळू कमी करायच्या, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उपचार सुरू झाल्यावर कधीकधी अंगातली शक्ती आधी परत येते आणि मनातला अंधार नंतर जातो. या मधल्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, पंचविशीच्या आतल्या मुलांत विशेष. घरच्यांनी थेट विचारावं, "मरून जावंसं वाटतंय का?" विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांच्या पट्ट्या स्वतःच्या ताब्यात ठेवा, एका वेळी एका दिवसाचीच गोळी हातात द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर १४४१६, जीव धोक्यात असेल तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८. पोलिस केस होईल या भीतीने प्रयत्न लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं धरतं, त्याला शिक्षा नाही, तर उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

५. थेरपीच्या खोलीत काय होतं

बोधात्मक वर्तन उपचार ही पद्धत ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत मांडली. आठवड्याला एक भेट, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची, बारा ते वीस भेटी असा साधारण आराखडा असतो. त्यात गृहपाठ असतो. तो कसा दिसतो याची नवख्यांना कल्पना नसते, म्हणून वहीचं एक पान नमुन्यादाखल देते:

प्रसंग: सकाळी साडेसात, कुकर लावलाय, सासूबाईंनी विचारलं, "डबा झाला का?"
मनात आलं: माझ्याच्यानं एक काम वेळेवर होत नाही. यांना मी नकोशी झालेय.
भावना: वाईट वाटणं, शंभरपैकी ८५.
बाजूने पुरावा: डबा झाला नव्हता.
विरुद्ध पुरावा: काल आणि परवा वेळेवर झाला. त्यांनी नुसतं विचारलं, ओरडल्या नाहीत. नंतर चहा त्यांनीच टाकला.
आता काय वाटतं: उशीर झाला हे खरं, बाकीचं मी जोडलं. वाईट वाटणं ५०.

पंच्याऐंशीचे पन्नास झाले, शून्य नाही झालं. तेवढंच अपेक्षित असतं. असं पान रोज भरता भरता मनाला स्वतःची तपासणी करायची सवय लागते, आणि ही सवय गोळी बंद झाल्यावरही सोबत राहते.

भाषेची काळजी करू नका. मराठी येणारे थेरपिस्ट मिळाले तर उत्तम, वेळ ठरवतानाच विचारा. गुजराती किंवा हिंदीत भेटी झाल्या तरी वही मराठीत लिहा आणि रडू, राग मराठीतच येऊ द्या. सूर जुळायला तीन-चार भेटी द्या. तरी मोकळं वाटत नसेल तर थेरपिस्ट बदला, पण त्यामुळे थेरपीच सोडू नका.

६. दोन्ही जोडायचे कसे

शंभर पानी साधी वही घ्या. डावीकडच्या पानावर गोळ्या: नाव, डोस, वेळ, चुकली का, त्रास काय. उजवीकडे झोपेचे तास, मनाची अवस्था दहापैकी किती, थेरपीतला गृहपाठ. डॉक्टरांकडे जाताना गेल्या भेटीपासूनचा सार पाच ओळींत लिहून न्या. दहा मिनिटांत ते पान वाचून होतं आणि "कसं आहे?" "बरं आहे" या संवादात भेट वाया जात नाही. डोस बदलला की पुढच्या थेरपीत पहिलं वाक्य तेच असू द्या. नाहीतर नव्या गोळीची सुस्ती थेरपिस्टला मनाची उदासी वाटते.

दोघांनाही एकमेकांशी बोलण्याची लेखी परवानगी द्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय असते, त्यामुळे परवानगीशिवाय थेरपिस्ट डॉक्टरांना फोन करायला कचरतात आणि ते योग्यच आहे. काय सांगायचं आणि काय नाही हेही त्या कागदावर लिहू शकता: "डोस, झोप, धोक्याचे विचार सांगा, नवऱ्याबद्दल बोलले ते सांगू नका." इतकं साधं.

हा दुवा नसेल तर काय होतं ते पाहा. गर्दीची भीती असलेल्या मुलीला थेरपिस्ट सांगतात, रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत चालत जा, धडधड वाढेल, पळू नका, ती आपोआप उतरते हे अनुभवा. मुलगी जाते, पण निघताना अर्धी अल्प्राझोलाम घेऊन. धडधड होतच नाही. घरी येऊन तिचं मन शिकतं की गोळी होती म्हणून वाचलो. महिनाभराच्या मेहनतीतून नेमकं उलटं शिकणं झालं. डॉक्टरांनी गोळी "लागेल तेव्हा" लिहून दिली होती, थेरपिस्टला ती आहे हेच माहीत नव्हतं. दोघांचं पाच मिनिटं बोलणं झालं असतं तर ती गोळी कधी घ्यायची नाही हे ठरलं असतं.

७. नवरात्र, उपवास आणि उन्हाळा

बडोद्यात राहायचं म्हणजे गरबा आलाच, आणि जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण द्विध्रुवीय आजारात झोपमोड हे उन्मादाचं फार मोठं कारण आहे. लागोपाठ नऊ रात्री जागरण म्हणजे उघड धोका. नवरात्राच्या महिनाभर आधी डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांशी हा विषय काढा: कोणत्या दोन रात्री जायचं, किती वाजता घरी यायचं, रात्रीची गोळी नेहमीच्या वेळेलाच कशी घ्यायची. मित्रमंडळींना "मला अकराला निघायचंय" हे कसं सांगायचं, याचा सराव थेरपीत होतो.

द्विध्रुवीय आजारावरचं लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. उलट्या-जुलाब, बडोद्याच्या मे महिन्यातला घाम, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, यांनीही तेच होतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, जुलाब दिसले तर लगेच डॉक्टर. लिथियमची रक्तपातळी साधारण ०.६ ते १.० (mmol/L) मध्ये ठेवतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणून तपासणीच्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. मूत्रपिंड आणि थायरॉइडही दर सहा महिन्यांनी तपासायचं. बाकी उपवासांना हरकत नाही, पण उपवास आहे म्हणून गोळी चुकवायची नाही. वेळ बदलून मिळते.

८. खर्च

जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. चिठ्ठीवर कंपनीच्या ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं नाव लिहून मागा. थेरपी दर आठवड्याला परवडत नसेल तर लपवून मध्येच बंद करण्यापेक्षा सांगा, पंधरा दिवसांनी भेट आणि मध्ये जास्त गृहपाठ असं ठरवता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे. पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च येतो की फक्त दाखल झाल्याचा, हे वाचून घ्या.

९. बरं वाटल्यावर

बरं वाटणं हा गोळीचा परिणाम आहे, गोळी नको असल्याची खूण नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यापासून साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. पुन्हापुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवीय आजारात हिशोब वेगळा असतो, तिथे दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि नोकरी-संसार नीट करणाऱ्या माणसांना मी जवळून पाहते.

बंद करायची वेळ आली की डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास काही दिवसांतच सुरू होतो. आजार परत येतो तो बहुधा सावकाश, काही आठवड्यांनी: आधी झोप बिघडते, मग फोन उचलावासा वाटत नाही, मग आंघोळ टाळली जाते. दोन्हींतला फरक वहीतल्या तारखांवरून कळतो.

गोळी आणि थेरपी एकाच महिन्यात बंद करू नका. गोळी उतरत असताना थेरपीच्या भेटी चालू ठेवा, गोळी बंद झाल्यावर त्या महिन्याला एक, मग तीन महिन्यांनी एक अशा विरळ करा. त्या शेवटच्या भेटींमध्ये थेरपिस्टबरोबर बसून आपल्या आजाराच्या पहिल्या खुणांची यादी लिहा, अगदी आपल्या शब्दांत: "मी दोन दिवस भाकरी अर्धी टाकते," "मी बहिणीचे फोन कापते." ती यादी घरातल्या एका माणसाला द्या आणि त्यातल्या किती खुणा दिसल्या की विचारत न बसता डॉक्टरांना फोन करायचा, ते त्याच्याशी आत्ताच ठरवून घ्या.